मागच्या खोलीचा वास

रंगाऱ्याला वास येत नसे. नाक चांगले धारदार होते, पण उभा जन्म टर्पेंटाइन आणि थिनरच्या वाफा ओढून ते नुसते चेहऱ्याच्या शोभेपुरते उरले होते. दूध करपले तरी धूर दिसल्यावर त्याला कळायचे. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. डोळे आणि मनगट शाबूत होते, आणि रंगकामाला तेवढे पुरते.

त्यामुळे आपल्या घराला वास येतो ही गोष्ट सगळ्या जिन्याला ठाऊक झाल्यावर शेवटी त्याच्यापर्यंत आली.

घर दोन खोल्यांचे, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या खोलीत बायकोचे शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, दांडीवर टांगलेले शिवून झालेले कपडे, आणि रात्री तिथेच दोघांची अंथरुणे. मागच्या खोलीत त्याची आई. पडल्यामुळे तिचे खुब्याचे हाड मोडले होते. हाड सांधले, पण पाय पूर्वीसारखा उचलेना. बाथरूमपर्यंत भिंत धरून जावे लागे, आणि बहुतेक वेळा पोहोचण्याआधीच व्हायचे ते होऊन जाई. डायपर आणून पाहिले; त्यांनी मांड्या सोलून निघाल्या. मग जुन्या चादरींचे तुकडे, खाली रेक्झिन, आणि रोजचे धुणे. ते धुणे बायको करायची.

एका दुपारी तिची जुनी गिऱ्हाईक, शाळेतली बाई, शिवून नेलेला ड्रेस पिशवीत घालून परत घेऊन आली. रंगारी दारातच ब्रश धूत बसला होता.

"शिलाईत काही नाही हो," बाई खालच्या आवाजात म्हणाली. "शिलाई तुमची नेहमीसारखीच. पण दोनदा धुतला, तरी... तुम्हीच बघा."

बायकोने ड्रेस नाकाशी नेला. तिचा चेहरा उतरला. "ठेवा. मी बघते," एवढेच ती म्हणाली. बाई गेल्यावरही ती ड्रेस मांडीवर घेऊन तशीच बसली.

"काय झालं?" रंगाऱ्याने विचारले.

"तुम्हाला सांगून काय उपयोग?"

"सांग तर."

"लघवीचा वास येतोय त्याला. ड्रेसला येतोय, घराला येतोय, माझ्या केसांना येतोय. सगळ्यांना येतो. तुम्ही एकटे सुखी आहात."

मागच्या खोलीतून आईचा आवाज आला, "मलाही येतो गं."

आईचे नाक साधे नव्हते. सोडावॉटरच्या कारखान्यात तिने बाटल्या धुण्यात आयुष्य काढले होते. लोक रिकाम्या बाटलीत रॉकेल ठेवायचे, फिनेल ठेवायचे, आणि मग तीच बाटली परत करायचे. डोळ्याला स्वच्छ दिसते, पण आत भरलेला सोडा मग कोणी तोंडाला लावत नाही. म्हणून धुतलेली बाटली नाकाशी धरून पुढे सोडायची, हे काम आईकडे होते. तिच्या हातून चुकीची बाटली पुढे गेली नाही, असे मुकादम सांगायचा. ते नाक म्हातारपणीही तसेच तिखट राहिले होते, आणि आता ते दिवसभर तिच्याच अंथरुणावर तिच्याबरोबर पडून असायचे.

त्याच आठवड्यात धाकटी बहीण आली. तिने गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात चौकशी करून ठेवली होती. एक कॉट रिकामी होती, आणि महिनाअखेरपर्यंत थांबू असे त्यांनी सांगितले होते.

"दादा, मला वाईट समजू नकोस. माझ्याकडे ठेवली असती, पण माझ्याकडे सासू-सासरे दोघंही आहेत. आणि वहिनीचे हात बघितलेस का कधी?"

त्याने बघितले नव्हते. तेव्हा बघितले. धुण्याच्या सोड्याने बोटांना भेगा पडल्या होत्या, आणि रेशमी कापडाचे धागे त्या भेगांत अडकायचे, म्हणून ती बोटांना चिकटपट्टी लावून शिवत होती.

"मी आईंना काढा म्हणत नाही," बायको म्हणाली. "वास काढा म्हणते. वास गेला की माझं काही म्हणणं नाही. मशीन माझं दुसरीकडे कुठे हलवू? आणि गिऱ्हाईक गेलं की परत येत नाही."

"काढतो," रंगारी म्हणाला.

हे उत्तर त्याला सोपे वाटले. काम होते, आणि कामाला तो भीत नव्हता. महिनाअखेरपर्यंत वास काढायचा, म्हणजे आई घरात राहील. यात विचार करण्यासारखे त्याला काही दिसले नाही.

त्याने बाहेरची कामे पुढे ढकलली. गादी गच्चीवर नेऊन उसवली, कापूस उन्हात पसरला, खोळ उकळली. लाकडी खाटेचे पाय लघवी पिऊन काळे पडले होते. ते पत्र्याच्या पट्टीने खरवडून पॉलिश पेपरने गोरे केले. जमीन सिमेंटच्या कोब्याची होती. ती आधी सोड्याने, मग व्हिनेगरने, तारेच्या ब्रशने कोपऱ्या-कोपऱ्यातून घासली. एक दिवस शहाणपणा करून ब्लीचिंग पावडर टाकली, तर अशी वाफ उठली की आईला पाठीवर घेऊन जिन्यात जाऊन बसावे लागले. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी.

"वास मारायला निघालास की मला?" आई खोकत म्हणाली.

"दोन्ही एकदम झालं तर बरंच की," तो म्हणाला. ती हसली. तोही हसला.

काम नीट झाले की नाही हे त्याला स्वतःला कळायची सोय नव्हती. बायकोला विचारले तर ती "कमी वाटतोय" म्हणायची, आणि कमी वाटतोय हे त्याला उत्तर वाटत नसे. म्हणून तो आईला विचारायचा. संध्याकाळी हात धुऊन तिच्या खाटेशी उभा राहायचा.

"बघ, आई."

ती डोळे मिटायची, तोंड घट्ट बंद करायची आणि दोन आखूड श्वास घ्यायची. बाटली तपासताना घ्यायची तसेच.

"आहे."

"कुठे?"

"खाटेच्या उजव्या पायाशी. आणि भिंतीला, खालच्या वीतभर पट्ट्यात."

दुसऱ्या दिवशी तो नेमका तिथे भिडायचा. जुने जोडीदार एकाच परांचीवर काम करतात तसे दोघांचे चालले होते. ती दाखवणार, तो घासणार. आपण कशाचा वास शोधतोय हे त्या दोघांपैकी कोणी तोंडाने म्हणत नव्हते.

धाकटी एकदा सुगंधी फवाऱ्याचा डबा घेऊन आली आणि खोलीभर मारून गेली. "आता कसं वाटतंय, आई?"

"गुलाबाच्या बागेत कोणीतरी मुतून गेल्यासारखं," आई म्हणाली.

बायकोही तोंडाला पदर लावून हसली. पण डबा संपल्यावर वास होता तिथेच होता.

शेवटी रंगाऱ्याने आपले हत्यार काढले. कोबा आणि भिंतीचा कमरेपर्यंतचा भाग ऑइलपेंटने बंद करून टाकायचा. आत असेल ते आत राहील. आईला पुढच्या खोलीत मशीनशेजारी बसवले आणि त्याने खोली पॉलिश पेपरने घासली, भेगांत लांबीची पुट्टी भरली, प्रायमर मारला, त्यावर रंगाचे तीन हात चढवले. राखाडी जमीन आरशासारखी चमकू लागली. आईला आत आणले.

"बघ."

"रंगाचा वास येतोय."

"तो जाईल. आणखी काही?"

तिने परत दोन श्वास घेतले. "नाही."

त्या रात्री तो गाढ झोपला. काही दिवस घरात नुसता रंगाचा वास होता, आणि रंगाचा वास कोणाला लाजेचा वाटत नाही. बायकोने दारे-खिडक्या उघडून दोन नवे ड्रेस कापायला घेतले. धाकटीला फोन करून तिने सांगितलेही, की बहुतेक जमलं म्हणून.

मग खाटेखालच्या रंगाला फोड आले. आधी एक, वाटाण्याएवढा. मग पुरळ उठावे तसे सगळीकडे. रंगाऱ्याने गुडघ्यावर बसून एक फोड अंगठ्याने दाबला. फुटला, आणि आतून पाणी आले.

त्याला आईला विचारायची गरज नव्हती, तरी त्याने विचारले.

"आहे," ती म्हणाली. "आधीपेक्षा जास्त."

ओल निघाल्याशिवाय ऑइलपेंट लावायचा नाही, हे रंगकामातले पहिले अक्षर. हाताखालच्या कोणी असे केले असते तर त्याने त्याला शिडीवरून खाली उतरवले असते. कोबा नीट वाळवायला जेवढे दिवस लागतात तेवढे त्याच्याकडे नव्हते, म्हणून हात लावून कोरडा वाटला की कोरडाच असे त्याने ठरवून टाकले होते. घाईने केलेले काम दोनदा करावे लागते, आणि दुसऱ्यांदा ते दुप्पट असते.

घरमालकाच्या हातापाया पडून त्याने परवानगी मिळवली आणि कोबा फोडायला घेतला. छिन्नी-हातोडा, गुडघ्याखाली पोत्याची घडी. फोडलेला माल घमेल्यात भरून तीन मजले खाली न्यायचा, वर येऊन परत बसायचा. भिंतीचा गिलावाही कमरेपर्यंत पाडला. आई पुढच्या खोलीच्या दारातून बघत बसायची. त्याच्या गुडघ्यांत पाणी झाले, एक डोळा सिमेंटने लाल झाला. ती कधीतरी फक्त म्हणायची, "बस की रे जरा."

"बसलोच तर आहे," तो गुडघ्यांवरून म्हणायचा.

नवा कोबा घातला, त्यावर टाइल्स बसवल्या, नवा गिलावा केला, आणि या वेळी पुरते वाळू दिले. खाट विकून लोखंडी कॉट आणली. गादी नवी. महिनाअखेर उलटून गेली; धाकटीने आश्रमवाल्यांकडून आणखी थोडी मुदत मागून घेतली. आई आपल्या जागी परत गेली. त्या खोलीत आता जुने असे काही उरले नव्हते.

चार दिवसांनी बायको कपडे दांडीवरून काढून शेजारणीकडे नेऊन ठेवू लागली. त्याने विचारले नाही. तिनेच सांगितले.

"अहो, येतोय. खोटं कशाला बोलू? आणि आता उग्र येतो. डोळ्यांत जातो."

रंगारी जिन्यात जाऊन बसला. हाताला काम नाही असे त्याच्या बाबतीत क्वचितच झाले असेल. कुठे चुकले, कुठला कोपरा राहिला, हे तो मनात परत परत फिरून पाहत होता. जमीन नवी. भिंत नवी. कॉट, गादी, रेक्झिन नवे. घासायला, फोडायला, बदलायला त्या खोलीत त्याला काही सापडेना. एकच जुनी गोष्ट होती, आणि तिथे विचार गेला की तो उठून उभा राहायचा.

त्यातच आईला ताप आला. दिवसभर ती झोपून राहू लागली. हाक मारली तर मुकादमाचे नाव घेऊन काहीतरी पुटपुटायची. रंगाऱ्याने तिला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी लघवीत जंतू झालेत म्हणून सांगितले आणि सलाइन लावायला लावले. नर्सने सुई लावताना आईच्या हाताची कातडी चिमटीत उचलली. ती तशीच उभी राहिली, खाली बसेना.

"आजी पाणी किती पितात?" नर्सने विचारले.

"जग भरून ठेवते मी उशाशी," बायको म्हणाली. "रोज रिकामा होतो."

"जग रिकामा होतो, पण आजी तर कोरड्या ठाक आहेत. हे पाणी जातं कुठे? इतकी घट्ट लघवी मग वास मारणार नाही तर काय?"

पाणी खिडकीतून जात होते. दुसऱ्या दिवशी आईला शुद्ध आली तेव्हा तिने ते सहज सांगून टाकले. घरात कोणी बघत नसले की जग खिडकीबाहेर पाइपवर ओतायचा. पहिल्यांदा अर्धा, मग सगळा. तोंड फारच सुकले तर ओठ ओले करायचे.

"अगं, पण का?"

"बाटलीत थेंब राहिला की वास मारते," ती म्हणाली. "पूर्ण सुकवली की नाही मारत. मला वाटलं, आत काही नसलं की बाहेर काय येणार?"

"आई, तू बाटली आहेस का?"

"तू गुडघे फोडून घेत होतास. मी नुसती बघत बसायची का? मला बसल्या बसल्या जेवढं करता आलं तेवढं केलं."

तो खोली घासत होता तेव्हा ती स्वतःला सुकवत होती. त्याचे काम जितके वाढले तितके तिनेही वाढवले, आणि तिच्या कामाने वास वाढला की तो आणखी जोराने घासायला लागला. दोघांनीही अंग चोरले नव्हते.

आता कारण कळले, म्हणजे सुटले, असे बायकोला वाटले. तिने सरळ सांगितले, "आई, तुम्ही प्या. चादरी धुवायला मी आहे. ड्रेसचं माझं मी बघेन." शेजारणीच्या गॅलरीत तिने मशीन हलवून घेतले. रंगारी कामावर जायचा थांबला. दर थोड्या वेळाने तो पेला भरून आईच्या हातात द्यायचा आणि समोर उभा राहायचा. ती प्यायची. औषधे पोटात गेली, पाणी पोटात गेले, आणि वास खरोखरच ओसरला. शाळेतली बाई एकदा घरात येऊन बसून गेली, चहाही प्यायली.

"बघ आई," त्या संध्याकाळी तो म्हणाला.

तिने डोळे मिटले. दोन श्वास.

"आहे."

"नाही गं. हिला विचार. त्या बाईला विचार."

"तिला सवय झाली आता. बाईने आपली लाज राखली. मला येतो ना. माझं नाक कधी चुकलंय?"

कधी चुकले नव्हते. तीच तर अडचण होती. त्याच्याकडे तिला खोटे पाडायला स्वतःचे नाक नव्हते. तो शपथा घेत राहिला आणि ती मान हलवत राहिली, लहान मूल समजूत घालते आहे आणि आपण ऐकून घ्यावे, तशी.

मग पाणी तोंडात धरून टॉवेलमध्ये सोडायला तिने सुरुवात केली. बायकोने टॉवेल पिळला तेव्हा कळले. टॉवेल काढून घेतला, तर ती उशीत सोडू लागली. रंगारी रागावला, जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला, मग तिच्या पायाशी बसून राहिला. तिने ओठ मिटून घेतले होते. ओठांवर पांढऱ्या भेगा होत्या. परत ताप, परत सलाइन. तिसऱ्या वेळेस डॉक्टर म्हणाले की असे चालले तर पुढच्या खेपेला आणू नका.

"दादा," धाकटी दवाखान्याच्या व्हरांड्यात म्हणाली, "ती तुझ्या घरात वाळून मरेल. तुझ्यासमोर. तुला तेच हवंय का?"

"आश्रमात नाही का वाळणार?"

"मला माहीत नाही. इथलं माहीत आहे."

त्याने हो म्हटले. आईला सांगितले तेव्हा तिने फक्त विचारले, "जिना कसा उतरायचा?" त्याने तिला पाठीवर घेतले. तिचे वजन रंगाच्या मोठ्या डब्याहून जास्त नव्हते.

तिला आश्रमात पोहोचवल्यावर काही आठवड्यांनी एकदा तो खोलीत एकटा बसला होता. टाइल्स चकचकीत होत्या. असे मजबूत काम त्याने कुठल्या गिऱ्हाइकाकडेही केले नव्हते. घरात तिला परत आणायचे हे त्याने तिथेच ठरवले. बायकोशी बोलला, तीही तयार झाली. परत येताना पांघरायला त्याने आईची शाल धुऊन, वाळवून पिशवीत घातली आणि धाकटीला घेऊन आश्रम गाठला. रिक्षा दाराशी थांबवून ठेवली.

लांबलचक हॉल होता, दोन्ही बाजूंनी कॉट. आत शिरताच धाकटीने रुमाल नाकाला लावला, त्यावरून त्याला कळले. आई खिडकीजवळ उशीला टेकून बसली होती. ओठांच्या भेगा भरल्या होत्या. आश्रमातली मुलगी किटली घेऊन कॉटमागून कॉट फिरत होती. आईने हात पुढे करून पेला घेतला, घटाघटा प्यायली आणि परत पुढे केला. दुसराही संपवला. हनुवटीवरून ओघळलेले पाणी हाताने पुसले.

रंगारी कॉटपाशी गेला.

"इथे पितेस?"

"पिते की."

"घरी का नाही प्यायलीस?"

"इथे सगळ्यांचाच येतो रे," आई म्हणाली. "कुणाचा कुठला, मलाही ओळखू येत नाही."

पलीकडच्या कॉटवरची म्हातारी हसली. दात नव्हते. आईही हसली, जुनी ओळख असल्यासारखी.

तो कॉटच्या कडेला बसला. "आई, घरातला गेलाय. पूर्ण गेलाय. रिक्षा आणलीय मी. चल."

"गेला असेल. तू काम वाईट करत नाहीस."

"मग?"

"मी आले की येईल."

"येऊ दे. तुझ्या सुनेलाही चालतंय आता. हवं तर धाकटीला विचार."

"मला नाही ना चालत," ती म्हणाली.

धाकटी रुमालाआडून रडत होती. रंगाऱ्याने पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली. समोरच्या भिंतीचा रंग पापुद्रे धरून सुटला होता, मागे ओल होती. एरवी त्याने उठून नखाने खरवडून पाहिले असते. तो बसून राहिला. आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथली सूज चाचपून पाहिली.

"उतरली नाही अजून," ती म्हणाली. "शेक घेत जा. आणि निघ आता, रिक्षावाला ताटकळला असेल. जाताना एवढा जग भरून ठेव. ती मुलगी संध्याकाळशिवाय परत येत नाही."

त्याने हॉलच्या टोकाच्या नळावरून जग भरून आणला. स्टुलावर ठेवला. तिचा हात पोहोचेना, म्हणून स्टूल कॉटला चिकटवले. तिने हात लांब करून पाहिला, पोहोचला.

शालीची पिशवी घेऊन तो बाहेर आला.